जिवंत मॉडेल आणि चालती रेषा : हस्तचित्रित अ‍ॅनिमेशनच्या शिक्षणातील मानवाकृती-रेखाटनाचा इतिहास

प्रस्तावना

चित्रपटाच्या इतिहासलेखनात अ‍ॅनिमेशनच्या वाट्याला मुळात थोडी जागा येते, आणि त्या थोड्या जागेतही बहुतेक मजकूर पात्रांविषयी व ती पात्रे निर्माण करणाऱ्या कंपन्यांविषयी असतो. कोणते पात्र कोणत्या वर्षी पडद्यावर आले, कोणत्या चित्रपटाने किती गल्ला जमविला, याची माहिती सहज उपलब्ध होते. परंतु ज्या हातांनी ही सहस्रावधी चित्रे काढली, ते हात कोठे आणि कोणत्या पद्धतीने तयार झाले, हा प्रश्न क्वचितच उपस्थित केला जातो. वस्तुतः हा प्रश्न चित्रपटाच्या इतिहासापेक्षा कलाशिक्षणाच्या इतिहासाचा अधिक आहे. उंदीर, बदके आणि डुकरे रेखाटून उपजीविका करणाऱ्या प्रौढ माणसांना दिवसभराचे काम संपल्यावर रात्री पुन्हा कागद घेऊन विवस्त्र मॉडेलसमोर बसण्याची गरज का भासली? प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या अनुषंगाने इ. स. १९३२ पासून लॉस एंजेलिस येथे घडलेल्या एका शैक्षणिक प्रयोगाचा आणि त्या प्रयोगाच्या मुंबईपर्यंत पोहोचलेल्या शाखेचा विचार केला आहे.

प्रारंभी या कामाचे स्वरूप ध्यानात घेणे आवश्यक आहे. बोलपट सेकंदाला २४ चौकटींच्या गतीने पडद्यावर येतो. हस्तचित्रित अ‍ॅनिमेशनमध्ये सामान्यतः एक रेखाटन दोन चौकटींसाठी वापरले जाते. म्हणजे एका पात्राच्या एका सेकंदाच्या हालचालीस १२ आणि एका मिनिटाच्या हालचालीस ७२० रेखाटने लागतात. मुख्य अ‍ॅनिमेटर हालचालीतील निर्णायक अवस्था रेखाटतो आणि त्यांच्या मधल्या अवस्था त्याचे साहाय्यक भरतात. काचेखालून उजेड सोडलेल्या टेबलावर, खुंट्यांत अडकविलेले कागद एकावर एक ठेवून, बोटांत चार-पाच कागद धरून उलटसुलट फडकवत हे काम चालते. त्यानंतर पेन्सिलच्या रेखाटनांचेच चित्रीकरण करून हालचाल तपासली जाते व मगच ती पारदर्शक सेल्युलॉइडवर शाईने उतरवून रंगविली जाते. या साखळीत एकही रेखाटन स्वतंत्र कलाकृती म्हणून पाहिले जात नाही. पडद्यावर त्याचे आयुष्य सेकंदाच्या बाराव्या भागाइतके असते. अशा चित्रासाठी शरीररचनेचा अभ्यास कशाला, असा प्रश्न त्या काळी व्यवसायातील अनेकांनी केलाही होता, आणि तो अगदीच गैरवाजवी नव्हता.

स्थिर मॉडेलची परंपरा

युरोपातील अकादमींनी रूढ केलेला अभ्यासक्रम सर्वपरिचित आहे. प्रथम उत्कीर्ण चित्रांच्या नकला, नंतर प्राचीन शिल्पांच्या प्लास्टरच्या प्रतिकृतींवरून रेखाटन आणि या दोन्ही पायऱ्या चढून गेल्यावर जिवंत मॉडेलसमोर बसण्याचा अधिकार. मॉडेल एका अवस्थेत तासन्‌तास, कधी अनेक दिवस बसत असे. विद्यार्थी छायाप्रकाशाचे बारकावे उतरवीत असे. या पद्धतीने दृष्टीला शिस्त लागली यात शंका नाही. परंतु या अवस्थेपूर्वी ते शरीर कोठे होते आणि यानंतर ते कोठे जाणार, हा प्रश्न त्या चित्रात येत नसे. येण्याचे कारणही नव्हते.

या चौकटीबाहेरचा विचार करणारे शिक्षक एकोणिसाव्या शतकातही होते. पॅरिसमधील ओरास लकॉक द ब्वाबोद्राँ यांनी विद्यार्थ्यांच्या दृश्यस्मृतीचे शिक्षण हेच आपल्या अध्यापनाचे सूत्र मानले. पाहिलेली वस्तू दृष्टीआड झाल्यावर रेखाटावयाची, हा त्यांचा क्रम होता. रोदँ हे त्यांचेच विद्यार्थी. महाराष्ट्रातील शालेय विद्यार्थ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या ज्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षांना बसत आल्या, त्यांत वस्तुचित्राच्या जोडीला स्मरणचित्राचा स्वतंत्र पेपर असतो. त्यामागचा विचार याच जातकुळीचा आहे, मग प्रत्यक्ष वर्गात त्याची पाठांतराच्या देखाव्यांनी कितीही दुर्दशा झालेली असो. दुसरीकडे एडवर्ड मायब्रिज यांनी १८८७ मध्ये ७८१ छायाचित्र-फलकांचा संच प्रसिद्ध करून चालणे, धावणे, उडी मारणे, पायरी चढणे अशा क्रियांचे तुकडे प्रथमच डोळ्यांसमोर मांडले. स्मृती आणि हालचालीचे पृथक्करण ही दोन्ही सूत्रे पुढे अ‍ॅनिमेशनच्या शिक्षणात एकत्र आली. ती एकत्र आणणारे मात्र अकादमीतील प्राध्यापक नव्हते. एका व्यावसायिक स्टुडिओतील पगारदार होते.

हायपेरियन रस्त्यावरील रात्रशाळा

१९३० च्या आसपास अमेरिकन अ‍ॅनिमेशनमध्ये असलेले बहुतेक चित्रकार वर्तमानपत्री व्यंगचित्रांतून आलेले किंवा स्वयंशिक्षित होते. त्यांची पात्रे रबरी नळीसारखी होती. हातापायांना सांधे नव्हते, शरीराला वजन नव्हते. विनोदी प्रसंगांच्या मालिकेला ते पुरेसे होते. वॉल्ट डिस्ने यांना ते पुरेसे वाटेना. १९२९ पासूनच त्यांनी आपल्या काही चित्रकारांना लॉस एंजेलिसमधील शुनार्ड कलासंस्थेच्या संध्याकाळच्या वर्गांना धाडण्यास आरंभ केला होता. नेल्बर्ट शुनार्ड यांनी १९२१ मध्ये स्थापन केलेली ही खाजगी संस्था. अनेकांकडे मोटार नसल्याने डिस्ने स्वतः त्यांना वर्गापर्यंत सोडीत असत.

पुढील पाऊल मालकाने नव्हे, तर एका कर्मचाऱ्याने उचलले. आर्ट बॅबिट या अ‍ॅनिमेटरने १९३२ मध्ये आपल्या घरी मॉडेल बोलावून सहकाऱ्यांसाठी रेखाटनाची बैठक सुरू केली. पहिल्या आठवड्यात बोलावले त्याहून अधिक जण आले आणि दुसऱ्या आठवड्यात त्याहूनही अधिक. डिस्नेच्या चित्रकारांच्या घरी विवस्त्र स्त्रीभोवती माणसे जमतात, ही बातमी वृत्तपत्रांत गेल्यास कंपनीची शोभा होईल, हे डिस्ने यांच्या तत्काळ लक्षात आले. त्यांनी बैठक बंद केली नाही. ती हायपेरियन रस्त्यावरील स्टुडिओच्या ध्वनिमुद्रणाच्या दालनात आणली, साहित्याचा व मॉडेलचा खर्च उचलला आणि शुनार्डमधील तरुण शिक्षक डॉन ग्रॅहॅम यांना शिकविण्यासाठी नेमले. १५ नोव्हेंबर १९३२ रोजी पहिला वर्ग भरला. आठवड्यातून दोन रात्री हा वर्ग चाले. लवकरच फिल डाइक हे दुसरे शिक्षकही आले.

ग्रॅहॅम यांची अडचण विलक्षण होती. त्यांना चित्रकला येत होती, अ‍ॅनिमेशन येत नव्हते. समोर बसलेल्यांना अ‍ॅनिमेशन येत होते, परंतु त्यांपैकी अनेकांना अकादमीच्या अर्थाने चित्रकला येत नव्हती. शुनार्डमधील धडे जसेच्या तसे येथे उपयोगी पडणार नाहीत, हे ग्रॅहॅम यांनी ओळखले आणि ते स्वतः शिकू लागले. चित्रकारांच्या पेन्सिल-चाचण्या पाहणे, त्यांतील हालचाल कोठे फसली याची चर्चा करणे, मॉडेलला एकाच अवस्थेत बसविण्याऐवजी एक छोटी क्रिया करावयास लावणे आणि ती संपल्यावर कागदावर उतरविणे, असे बदल हळूहळू होत गेले. शिक्षक आणि विद्यार्थी दोघेही अर्धवट जाणकार असल्यामुळेच हा वर्ग यशस्वी झाला, असे म्हणण्यास जागा आहे. ज्याला सर्व येते असा शिक्षक आला असता तर त्याने अकादमीचा अभ्यासक्रमच लादला असता.

वजन, हेतू आणि पिठाची पिशवी

या वर्गातून जे घडले त्याला केवळ ‘चित्रकलेत सुधारणा’ म्हणणे अपुरे आहे. मानवाकृती-रेखाटनाचा हेतूच येथे बदलला. अकादमीत विद्यार्थी विचारी : या खांद्याचा आकार कसा आहे? येथे प्रश्न असा होता : शरीराचा भार कोणत्या पायावर आहे, आणि तो दुसऱ्या पायावर जाताना कंबर कोठून कोठे सरकते? उभा माणूस खाली वाकून ओझे उचलतो तेव्हा प्रथम गुडघे वाकतात की पाठ? ओझे जड असेल तर उचलण्यापूर्वी शरीर किंचित विरुद्ध दिशेला जाते. ही पूर्वतयारी पाहणाऱ्याच्या नजरेस जाणवत नाही, पण ती चित्रात नसली तर ओझे पोकळ वाटते. बाह्यरेषेपूर्वी शरीरातून जाणारी एकच दिशादर्शक रेषा शोधावयाची, मग आकार बसवावयाचे, आणि तपशील अगदी शेवटी, ही सवय या वर्गांत मुरली. अर्ध्या मिनिटात, एका मिनिटात, दोन मिनिटांत पुरी करावयाची शीघ्ररेखाटने हे आज जगभरातील अ‍ॅनिमेशनच्या वर्गांत नित्याचे झालेले साधन आहे. त्यांचा उद्देश हात जलद चालविणे हा नाही. वेळ इतका थोडा दिला जातो की नकल करणे अशक्य व्हावे आणि समजून घेण्यावाचून गत्यंतर राहू नये.

स्टुडिओतील चित्रकारांना दिला जाणारा एक स्वाध्याय येथे उल्लेखनीय आहे. अर्धी भरलेली पिठाची पिशवी रेखाटावयाची; पण ती आनंदी, खिन्न, रागावलेली किंवा कुतूहलाने पाहणारी असावयास हवी. पिशवीला डोळे नाहीत, तोंड नाही, हात नाहीत. केवळ तिचे पीठ कोणत्या कोपऱ्यात सरकले आहे, कापड कोठे ताणले आणि कोठे सैल पडले आहे, यावरून भाव उमटला पाहिजे. आकारमान कायम राखून आकार दाबणे व ताणणे हे जे तत्त्व पुढे या कलेचे पहिले सूत्र मानले गेले, ते या पिशवीत संपूर्ण सामावलेले आहे. ज्याने मॉडेलच्या धडावर महिनोन्‌महिने काम केले आहे त्यालाच ही पिशवी साधते, आणि ज्याला पिशवी साधली त्याच्या हातचे बदक जमिनीवर पाय टेकून उभे राहते. विवस्त्र मॉडेल आणि बदक यांतील दुवा तो हाच.

२३ डिसेंबर १९३५ रोजी डिस्ने यांनी ग्रॅहॅम यांना एक विस्तृत टिपण पाठविले. चांगल्या अ‍ॅनिमेटरच्या अंगी कोणते गुण असावेत याची त्यात मांडणी आहे : रेखाटनावर प्रभुत्व, क्रियेचे आणि मुद्रेचे अतिशयोक्त रूप करण्याची शक्ती, अभिनयाची जाण, विनोद सुचण्याची क्षमता, कथारचनेचे ज्ञान आणि कामाच्या यांत्रिक बाजूची माहिती. रेखाटनाला आरंभीचे स्थान आहे, तरी ते सहांपैकी एक आहे, ही गोष्ट दुर्लक्षिण्यासारखी नाही. एका व्यावसायिक मालकाने लिहिलेले हे टिपण त्या काळातील अनेक कलासंस्थांच्या अभ्यासक्रमांपेक्षा अधिक विचारपूर्वक झालेले आहे. मात्र ते औदार्यातून आलेले नव्हते. ‘स्नो व्हाइट’ हा पूर्ण लांबीचा चित्रपट डोळ्यांसमोर होता, त्यासाठी शेकडो चित्रकार हवे होते आणि महामंदीमुळे कलासंस्थांतून बाहेर पडलेले तरुण कामाच्या शोधात होते. १९३६ मध्ये ग्रॅहॅम यांनी न्यूयॉर्कला मुक्काम करून उमेदवारांची चित्रे तपासली. निवड झालेल्यांना मॉडेलवरून रेखाटन, ग्रिफिथ पार्कमधील प्राणिसंग्रहालयात स्केचिंग आणि धीम्या गतीने दाखविलेल्या चित्रफितींवरून क्रियेचे विश्लेषण असा क्रम पार पाडावा लागे.

मानवी पात्राची कसोटी किती कठीण होती हे १९३४ च्या ‘गॉडेस ऑफ स्प्रिंग’ या लघुपटात दिसून येते. त्यातील पर्सेफनी नाचते तेव्हा तिचे हात वितळलेल्या मेणासारखे लोंबतात. तीन वर्षांनी, २१ डिसेंबर १९३७ रोजी ‘स्नो व्हाइट’ प्रदर्शित झाला तेव्हा अंतर स्पष्ट झाले होते. या चित्रपटासाठी मार्जोरी बेल्चर या तरुण नर्तिकेचे चित्रीकरण करून त्याचा आधार घेतला गेला. छायाचित्रित चौकटीवरून थेट आकृती गिरविण्याचे यंत्र, रोटोस्कोप, मॅक्स फ्लायशर यांनी पूर्वीच शोधले होते व १९१७ मध्ये त्याचे पेटंट त्यांना मिळाले होते. मग एवढ्या शिक्षणाचा खटाटोप कशासाठी? उत्तर व्यवहारात मिळाले. नुसत्या गिरविलेल्या आकृती पडद्यावर तरंगतात. त्यांत प्रत्येक चौकट अचूक असते आणि एकूण हालचाल निर्जीव. कोणता क्षण ठेवावा, कोणता गाळावा, कोणता वाढवावा हे यंत्र सांगत नाही. ज्याने मॉडेलसमोर बसून निवड करण्याची सवय लावून घेतली आहे तोच छायाचित्राचा दास न होता त्याचा उपयोग करू शकतो.

‘बाम्बी’ (१९४२) साठी ही निष्ठा एका टोकाला पोहोचली. मेन राज्यातून हरणाची दोन पाडसे स्टुडिओत आणली गेली आणि नेपल्समध्ये जन्मलेले चित्रकार रिको लब्रन प्राण्यांची शरीररचना शिकवू लागले. मृतावस्थेत सापडलेल्या एका पाडसाचे विच्छेदन लब्रन यांनी रात्रीच्या वर्गात आरंभिले. दररोज एक थर काढावयाचा आणि त्याखालचे स्नायू, मग अस्थी रेखाटावयाच्या. दुर्गंधी वाढत गेली तशी वर्गातील उपस्थिती घटत गेली. शेवटपर्यंत टिकलेल्यांची संख्या थोडी होती, पण हरणाचा खांदा छातीच्या पिंजऱ्यावर कसा सरकतो हे त्यांना पुन्हा कोणास विचारावे लागले नाही.

शाळेची दुसरी बाजू

या प्रयोगाचे वर्णन करताना बहुतेक ग्रंथ गौरवाच्या सुरात थांबतात. तथापि ही शाळा एका कारखान्याच्या आवारात भरत होती, हे विसरून चालणार नाही. मधली रेखाटने भरणारे नवशिके आणि नावाजलेले अ‍ॅनिमेटर यांच्या वेतनांत मोठी तफावत होती. स्त्रियांची भरती प्रामुख्याने सेल्युलॉइडवर शाई व रंग भरण्याच्या विभागात होई. रेखाटनाच्या प्रशिक्षणाचा मार्ग त्यांच्यासाठी जवळजवळ बंदच होता. रेटा स्कॉट यांचे नाव अ‍ॅनिमेटर म्हणून श्रेयनामावलीत आले ते १९४२ च्या ‘बाम्बी’त, आणि तो अपवाद म्हणूनच नोंदला गेला. शाई भरणाऱ्या स्त्रियांच्या रेषेचा संयम अनेक पुरुष साहाय्यकांच्या हातांत नव्हता. तरी त्या कौशल्याला ‘सर्जनशील’ म्हणण्याची तयारी त्या व्यवस्थेची नव्हती.

मे १९४१ मध्ये स्टुडिओत संप झाला. संपाच्या अग्रभागी होते ते आर्ट बॅबिट, ज्यांच्या घरच्या बैठकीतून ही शाळा उगवली होती. स्वतः उत्तम वेतन घेणाऱ्या या अ‍ॅनिमेटरने आपल्या साहाय्यकांच्या अत्यल्प पगाराचा प्रश्न लावून धरला आणि नोकरी गमावली. संपानंतर अनेक चित्रकार बाहेर पडले आणि त्यांच्याबरोबर ते शिक्षणही स्टुडिओच्या भिंतींबाहेर गेले. प्रिस्टन ब्लेअर यांनी पुढे लिहिलेल्या स्वस्त व सुटसुटीत पुस्तकातून हालचालीचे जे तक्ते घरोघरी पोहोचले, त्यांमागे याच स्टुडिओतील अनुभव होता. व्यवसायाचे गुपित म्हणून जपले जाणारे ज्ञान काही डॉलरांच्या पुस्तकात मिळू लागले, ही घटना त्या संपाइतकीच महत्त्वाची मानावयास हवी.

मुंबईतील शाखा

भारतात मॉडेलवरून रेखाटन शिकविण्याची परंपरा अ‍ॅनिमेशनहून जुनी आहे. १८५७ मध्ये सुरू झालेल्या सर ज. जी. कलाशाळेत प्रतिकृतींवरून रेखाटनाचा अभ्यास दीर्घकाळ चालला. ग्रिफिथ्स यांच्या नेतृत्वाखाली तेथील विद्यार्थ्यांनी १८७२ पासून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती केल्या, आणि ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या कारकिर्दीत, १९१९ च्या सुमारास, जिवंत मॉडेलचा ‘लाइफ क्लास’ प्रतिष्ठित झाला. म्हणजे मानवाकृतीचे ज्ञान मुंबईत उपलब्ध होते. उपलब्ध नव्हते ते त्या ज्ञानाला गती देणारे शिक्षण. ज. जी. चेच विद्यार्थी असलेल्या दादासाहेब फाळके यांनी ‘आगकाड्यांची मौज’ हा लघुपट काड्या चौकटीगणिक हलवून केला. त्यात रेखाटनाचा संबंध नव्हता. १९३० च्या दशकात प्रभात फिल्म कंपनीने ‘जंबू काका’ हा कार्टूनपट काढला, परंतु तो प्रयत्न एकाकी राहिला. एक चित्रपट करता येतो. चित्रकारांची पिढी तयार करण्यास वर्ग लागतो आणि वर्गाला आश्रय लागतो.

तो आश्रय स्वातंत्र्योत्तर काळात शासनाकडून मिळाला. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये १९५६ साली कार्टून विभाग उभा राहिला आणि अमेरिकेच्या तांत्रिक साहाय्य योजनेतून क्लेअर वीक्स यांना प्रशिक्षक म्हणून पाठविण्यात आले. वीक्स यांचे आईवडील भारतात मिशनरी होते, त्यामुळे हा देश त्यांना परका नव्हता. डिस्ने स्टुडिओत त्यांनी दीर्घकाळ काम केले होते. जी. के. गोखले, राम मोहन, भीमसेन आदींचा या विभागाशी संबंध आला. विभागातून १९५७ मध्ये बाहेर पडलेला ‘बन्यन डिअर’ हा चित्रपट जातककथेवर आधारित होता. ‘बाम्बी’च्या स्टुडिओतून आलेल्या शिक्षकाच्या हाताखाली मुंबईच्या चित्रकारांचा श्रीगणेशा हरणापासूनच व्हावा, हा योगायोग सुखद आहे. शिवाय ज्या अजिंठ्याच्या भिंतींवर रुरू मृगाची कथा रंगविलेली आहे, त्या भिंतींची रेषा ज. जी. च्या विद्यार्थ्यांनी ऐंशी वर्षांपूर्वीच गिरवून ठेवली होती.

राम मोहन यांचे उदाहरण विशेष बोलके आहे. ते रसायनशास्त्राचे पदवीधर. कलाशाळेत गेलेले नव्हते. वीक्स यांच्या हाताखाली, काम करता करता ते शिकले आणि पुढील सहा दशके भारतीय अ‍ॅनिमेशनचे सर्वांत आदरणीय शिक्षक ठरले. हायपेरियन रस्त्यावरील अनुभवाला मुंबईत मिळालेला हा दुजोरा होय : प्रौढ वयात, नोकरी सांभाळून, नियमित मार्गदर्शनाखाली रेखाटन शिकता येते. चित्रकला ही उपजतच असावी लागते, या आपल्याकडे खोल रुजलेल्या समजुतीला, विशेषतः महाविद्यालयीन वर्तुळातील समजुतीला, याहून चांगले उत्तर क्वचितच मिळेल.

तथापि दोन ठिकाणच्या परिस्थितीत मूलभूत फरक होता. डिस्नेकडे ग्रॅहॅम यांचा वर्ग अनेक वर्षे अखंड चालला, कारण त्यामागे मोठ्या चित्रपटाचा नफा अपेक्षित होता. फिल्म्स डिव्हिजनकडे लोकशिक्षणाची निकड होती. संदेश थोडक्या मिनिटांत, थोडक्या खर्चात पोहोचवावयाचा असताना सेकंदाला बारा संपूर्ण रेखाटने करण्याची चैन परवडणारी नव्हती. मर्यादित हालचाल, सपाट रंग, ठसठशीत आकार यांचा अवलंब स्वाभाविक होता. त्यातून काही उत्कृष्ट गोष्टीही निघाल्या. १९५७ च्याच ‘राधा अँड कृष्णा’मध्ये जाँ भावनगरी यांनी पहाडी लघुचित्रे न हलविता केवळ कॅमेरा त्यांवरून फिरविला. चेकोस्लोव्हाकियात यिरी त्रन्का यांच्याकडे शिकून आलेल्या प्रमोद पती यांनी ‘आबिद’ (१९७२) या लघुपटात चित्रकारालाच चौकटीगणिक हलविले. जिवंत मॉडेल कागदावर उतरण्याऐवजी स्वतःच रेखाटन बनला. १९७४ च्या ‘एक अनेक और एकता’ने दूरदर्शनच्या प्रेक्षकांच्या एका पिढीच्या मनात घर केले. हे सारे मान्य करूनही असे म्हणावे लागते की, पूर्ण शरीराने, वजनासह चालणारे भारतीय मानवी पात्र या काळात क्वचितच रेखाटले गेले. त्याचे कारण प्रतिभेचा अभाव हे नव्हते. सरावाचे वेतन कोणी द्यावयाचे, या प्रश्नाचे उत्तर सापडलेले नव्हते.

परंपरेचे पुढील प्रवाह

१९७३ मध्ये रिचर्ड विल्यम्स यांनी वृद्ध आर्ट बॅबिट यांना आपल्या लंडनच्या स्टुडिओत व्याख्यानांसाठी बोलावले, आणि तेथे घेतलेल्या धड्यांचा अंश विल्यम्स यांच्या २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आहे. शुनार्ड संस्था १९६१ मध्ये एका संगीत संस्थेशी एकत्र होऊन कॅलआर्ट्स झाली आणि १९७५ मध्ये तेथे पात्र-अ‍ॅनिमेशनचा अभ्यासक्रम सुरू झाला. डिस्ने स्टुडिओत वॉल्ट स्टँचफील्ड यांनी शीघ्ररेखाटनाचे वर्ग नव्याने घेतले; त्यांची टिपणे त्यांच्या मृत्यूनंतर, २००९ मध्ये, दोन खंडांत आली. १९९५ च्या ‘टॉय स्टोरी’नंतर संगणकाने हस्तचित्रित पद्धत बाजूला सारली, परंतु मॉडेलवरील रेखाटन मात्र संगणकावर काम करणाऱ्यांच्या शिक्षणातही टिकून राहिले. संगणकातील बाहुलीही वजनावाचून तरंगते. यंत्र बदलले तरी गुरुत्वाकर्षण बदललेले नाही. भारतात अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९८० च्या दशकात या विषयाच्या प्रशिक्षणास आकार दिला आणि त्या कामीही वीक्स यांचे साहाय्य घेतले. फिल्म्स डिव्हिजन २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली.

राम मोहन १९६० च्या दशकाच्या अखेरीस शासकीय सेवेबाहेर पडले. सत्यजित राय यांच्या ‘शतरंज के खिलाडी’तील (१९७७) अ‍ॅनिमेशनचा भाग त्यांचा. परंतु पूर्ण अ‍ॅनिमेशनमध्ये भारतीय देह रेखाटण्याचा प्रश्न त्यांच्यासमोर खऱ्या अर्थाने उभा राहिला तो जपानमध्ये. युगो साको यांच्या ‘रामायण : द लेजेंड ऑफ प्रिन्स राम’ (१९९२) या चित्रपटाचे ते एक दिग्दर्शक होते. रेखाटन करणारे चित्रकार जपानी होते. त्यांचे हात तयार होते, शरीररचनेचे ज्ञान होते, साधने होती. नव्हते ते धोतराच्या निऱ्यांचे ज्ञान. धोतर कसे नेसतात, वडीलधाऱ्यांच्या पाया पडताना मूल कसे वाकते, आशीर्वादासाठी हात कोठवर उचलला जातो, हे भारतीय सहकाऱ्यांना त्यांना समजावून द्यावे लागले. जानेवारी २०२५ मध्ये हा चित्रपट नव्या प्रतीच्या स्वरूपात भारतातील चित्रपटगृहांत पुन्हा प्रदर्शित झाला. राम मोहन तेव्हा हयात नव्हते. ११ ऑक्टोबर २०१९ रोजी त्यांचे निधन झाले होते.